मूळ चित्र कोणते?

आमच्या वर्गात एका विद्यार्थिनीने आजीच्या देवघरातील सरस्वतीची तसबीर आणली होती. कागद पिवळसर, काच तडकलेली. तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असा छाप. तिने विचारले, "सर, हे मूळ चित्र आहे का?" आम्ही तत्परतेने सांगितले, "नाही, ही छापील प्रत आहे." हे उत्तर चुकले, असे आता आम्हांस वाटते.

पवनानगरहून लोहगड ओलांडला की पलीकडे भाजे आणि त्यापुढे मळवली. भाज्याची लेणी आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. मळवली मात्र लोकलच्या खिडकीतून निघून जाते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना १८९९ मध्ये याच मळवलीस आला. पुढे तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी काही काळ या छापखान्यासाठी काम केले, धुरंधरांनी त्यासाठी चित्रे काढली. शिळाछापाचे तंत्र मोठे कष्टाचे. एकेका रंगासाठी स्वतंत्र शिळा, आणि प्रत्येक शिळेवरून तोच कागद नेमक्या जागी पुन्हा दाबायचा. केसभर सरकला तर देवीचा ओठ गालावर जायचा. या श्रमांतून ज्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या, त्यांनी सामान्य मराठी माणसाच्या मनातील देवांना चेहरे दिले.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ मध्ये दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये सुरू झाले. मुंबईची शाखा १९९६ मध्ये सर कावसजी जहांगीर सभागृहात आणि बंगळूरची २००९ मध्ये माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये उघडली. शाखा म्हणजे महानगर आणि महानगरातील एखादी जुनी, देखणी वास्तू, असा हा हिशेब दिसतो. मुंबईच्या शाखेविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. ती व्हावी म्हणून शिल्पकार पिलू पोचखानवाला यांनी केलेला पाठपुरावा विसरण्याजोगा नाही, आणि तेथे २०१८ मध्ये भरलेले धुरंधरांचे प्रदर्शन मुंबई स्कूलची थोरवी नव्याने पटवून गेले. आमची तक्रार संस्थेच्या आस्थेविषयी नसून तिच्या मांडणीमागे असलेल्या कल्पनेविषयी आहे: कला म्हणजे चित्रकाराच्या हातचा एकमेव कॅनव्हास.

साहित्याच्या अध्यापकांना तरी ही कल्पना खटकायला हवी. कवितेचे हस्तलिखित म्हणजेच कविता आणि छापील संग्रह ही तिची नक्कल, असे आपण कधी म्हणतो काय? हस्तलिखिताला मोल आहेच. पण वाङ्मयेतिहास घडतो तो प्रतींमधून, वाचकांच्या हाती गेलेल्या पुस्तकांतून. वाल्टर बेन्यामिनने १९३०च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय ओसरते, असे प्रतिपादन केले. आपल्याकडे त्या वलयाचे काय झाले, हे कोणत्याही जुन्या देवघरात पाहावे. कुंकवाची बोटे उमटलेल्या छापील कागदाला ते नव्याने लाभले आहे!

पुरावस्तू आणि कलानिधी यांविषयीचा कायदा १९७२ मध्ये झाला, आणि त्यान्वये पुढे रविवर्मा यांची चित्रे राष्ट्राचा कलानिधी ठरली. ती देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. त्याच १९७२ मध्ये मळवलीचा छापखाना आगीत भस्मसात झाला, अनेक मूळ शिळाछाप त्यात गेले. हा केवळ योगायोग. पण त्याकडे पाहताना आम्हांला अस्वस्थ वाटते.

मळवलीत नवी शाखा उभारावी, असा आमचा हट्ट नाही. सरकारी वास्तू उभी राहायला किती वर्षे लागतात, हे धरणाच्या काठी राहणाऱ्यांना कोणी सांगायला नको. आमचे मागणे लहान आहे. राष्ट्रीय संग्रहालयाने एक जाणकार आणि एक छायाचित्रकार मावळात पाठवावा. घराघरांतील शिळाछापांची, त्यांवरील छापांसह, नोंद व्हावी. एखाद्या महाविद्यालयाच्या खोलीत त्यांचे महिनाभर प्रदर्शन भरावे आणि नंतर प्रत्येक तसबीर आपापल्या देवघरात परत जावी. घरे पाडून नवी बांधण्याचा वेग येथे मोठा आहे, आणि नव्या घरात जुनी तसबीर सहसा नेत नाहीत. ती नदीत सोडतात.