अंग बाहेर येतंय, पण मूल हवंय? पिशवी काढणं हाच उपाय नाही!

नाशिक रोड, डिजिटल डेस्क : बाळंतपणात ओटीपोटाचे स्नायू ताणले गेले की गर्भाशय खाली सरकू शकतं. यालाच बायका ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात. त्यावर अनेकींना एकच सल्ला मिळतो, ‘पिशवी काढून टाका.’ पण पंचविशीतल्या, अजून मूल हवं असलेल्या बाईने काय करायचं?

याचं उत्तर मुंबईच्याच डॉक्टरांनी शोधलंय. गर्भाशयाच्या मुखाला टाका घालण्याच्या पद्धतीमुळे जगभर नाव झालेले डॉ. शिरोडकर यांनी पट्टीचा झोका करून गर्भाशय पाठीमागच्या हाडाला बांधण्याची शस्त्रक्रिया आणली. डॉ. पुरंदरे यांनी पोटाच्या पुढच्या भिंतीचा आधार घेतला. दोन्हींत पिशवी शाबूत राहते. त्रास कमी असेल तर व्यायाम किंवा आत बसवायची रिंगही चालते.

मग घाई का? २०१९ मध्ये बीडमध्ये पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कारणं वेगवेगळी, पण आकडा बोलका आहे.

त्यामुळे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, ‘मला मूल हवंय.’ सहीआधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या. आणि शस्त्रक्रियेनंतर दिवस गेले, तर बाळंतपण दवाखान्यातच. सिझेरियन लागेल का, हे आधीच विचारून ठेवा.