आश्विनातली माती

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन दिवाळीच्या सुट्टीत कुठे जावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: जिथे माती असेल तिथे. समुद्र, थंड हवेचं ठिकाण, हॉटेलातला पोहण्याचा तलाव हे सगळं त्याला चार वर्षांनीही चालेल. या वयात त्याला खाली बसून दोन्ही हात घालता येतील अशी जमीन हवी असते. आणि आपला आश्विन तर मातीने भरलेला महिना. प्रतिपदेला घटाखाली माती, वसुबारसेला गोठा, घरोघरी पणत्या आणि शेवटी किल्ला. पाऊस नुकता ओसरलेला असतो, जमिनीत ओल असते, ढेकूळ हातात घेतलं की फुटतं. महिन्याभराने तेच ढेकूळ वाळून कडक होणार. मधले हे दिवस लहान मुलांचे आहेत, असं मी अगदी मनापासून मानते.

आमच्याकडे घट बसतात. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पुण्यात मंडईच्या आसपास शेतातली काळी माती पिशव्या भरून विकायला येते. शेजारी परड्या, पत्रावळी, सात धान्यांच्या पुड्या. सासूबाईंनी पत्रावळीवर माती पसरली, लेकीच्या ओंजळीत धान्य दिलं आणि ‘पसर गं बाई, सावकाश’ एवढंच म्हणाल्या. गहू, ज्वारी, मूग असं सगळं एका कोपऱ्यात पडलं. सासूबाईंनी ते हलवलं नाही. चौथ्या माळेला त्या एकाच कोपऱ्यात दाट कोंब आले, आणि लेक रोज सकाळी दात घासायच्या आधी देवघरात जाऊन त्यांच्या टोकांना बोट लावून यायची. देवघरात ऊन कमी, म्हणून घटाचं धान फिकट पिवळं राहतं आणि उजेडाच्या दिशेने वाकतं. ते वाकलेलं तिनेच आम्हाला दाखवलं. दसऱ्याला आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नेहमीप्रमाणे ते टोपीत खोवलं, तिने कानामागे. आपट्याची पानं वाटताना मात्र तिचा हिशेब सरळ होता: ‘सोनं घ्या’ म्हणायचं, पान द्यायचं, आणि समोरच्याने आशीर्वाद दिला की पान परत घ्यायचं.

सुट्टी लागल्यावर शहरातल्या ठरलेल्या जागा झाल्या. पेशवे उद्यानातली फुलराणी झाली. ही छोटी आगगाडी 1956 पासून पुण्याच्या मुलांना फिरवते आहे. माझे सासरे तिच्यात बसले आहेत, नवरा बसला आहे, आता नात बसली. कात्रजचं प्राणिसंग्रहालय झालं. तिथे वाघापेक्षा वाघाच्या कुंपणाबाहेर पडलेली चिंचेची पानं तिला जास्त आवडली, आणि ऑक्टोबरच्या उन्हात एवढं चालवल्यावर मुलाकडून आणखी कसली अपेक्षा करायची? काससाठी दोन-तीन जणांनी आग्रह केला. जागतिक वारसा यादीत असलेलं ते पठार अप्रतिम आहे, पण तिथली फुलं इंच-दोन इंचांची आणि ती तुडवायची नसतात. हात लावायचा नाही, वाटेवरून उतरायचं नाही, हे नियम हवेतच. ज्याला ते पाळता येतील अशा वयातच तिला तिथे न्यायचं, असं आम्ही ठरवलं.

न्यायचं होतं ते मल्हारगडावर. किल्ला करायचा तर आधी किल्ला बघायला हवा, हा आबांचा आग्रह. दिवे घाट चढताना खाली मस्तानी तलाव भरलेला दिसतो, वर गेल्यावर रान एकदम सपाट आणि मोकळं होतं. सोनोरी गावावरचा हा गड पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी 1757 ते 1760 च्या दरम्यान बांधला. मराठी राज्यात बांधल्या गेलेल्या अगदी शेवटच्या किल्ल्यांपैकी हा एक. आकाराने लहान, तिकोनी, चढ बेताचा. लहान मुलांच्या आईबापांना अशा किल्ल्यांची खरी किंमत कळते. राजगड-तोरण्याची ओढ मलाही आहे, पण तिथे मूल पूर्णवेळ पाठुंगळी असतं. इथे ते स्वतःच्या पायांनी चालतं.

चालतं म्हणजे बसतं. मिनिटभर चालायचं, मग बसायचं. गवत गुडघ्याएवढं वाढून पिवळं पडायला लागलेलं, मधून कुर्डूचे गुलाबी तुरे. मोज्यांमध्ये कुसळं घुसली. मी ती काढून टाकत होते, तर तिने माझा हात धरला आणि एकेक कुसळ स्वतः उपटून खिशात ठेवायला सुरुवात केली. वाटेत एका ठिकाणी पाणी साचून आटलं होतं आणि तळाशी मऊ गाळ राहिला होता, वर पातळ पापुद्रे सुटलेले. तिथे आमची सहल थांबली. नवरा वर जाऊन बालेकिल्ल्यातल्या खंडोबाचं आणि महादेवाचं दर्शन घेऊन आला, तटावरून दक्षिणेला पुरंदर-वज्रगड बघून आला, तरी ही पापुद्रे उचलतेच आहे. उचलायचा, उन्हात धरायचा, मोडायचा. शेवटी आबांनी तिला खांद्यावर घेतलं आणि बुरुजापाशी नेलं. तिने तटाच्या दगडांवर दोन्ही तळवे टेकवले आणि विचारलं, ‘कुनी केलं?’ आबा म्हणाले, ‘माणसांनी. आपणही करायचाय आता.’ त्या उत्तरावर ती खूश झाली. मीही. इतिहास शिकवायला पुढे वर्षं आहेत. एवढी मोठी वस्तू माणसांच्या हातांनी होते, हे आत्ता कळलं तरी भरपूर झालं.

परतताना सासवडला सीताफळं घेतली. पाट्या भरून ठेवलेल्या असतात. डोळे उघडलेलं फळ निवडायचं, खवल्यांच्या मधल्या रेघा पांढरट-पिवळसर झाल्या की ते दोन दिवसांत पिकतं. लहान मुलाला देताना प्रत्येक बी काढूनच द्यावी, घशात अडकते. काढलेल्या बिया तिने मोजदाद केल्यासारख्या ओळीने लावल्या आणि मग मागणी आली: ‘माती.’ पेरायच्या होत्या.

आणि इथे मला जे म्हणायचं आहे ते येतं. घरी आल्यावर माती नव्हती. दोनेकशे कुटुंबांची आमची वसाहत, आणि पेरायला ओंजळभर माती मिळेना. आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक. झाडांच्या बुंध्यांभोवती सिमेंटचे कट्टे, तेही बुंध्याला भिडलेले. बागेच्या जागेत रबराची जमीन आणि हिरवा प्लॅस्टिकचा गालिचा. कुंड्या आहेत, पण त्या ज्याच्या त्याच्या, आणि त्यांतही निम्म्याहून जास्त कोकोपीट. आमची ही वसाहत वाईट नाही. नवी बांधकामं बहुतेक अशीच असतात: गाड्या लावायला, धुवायला, झाडायला सोपी. पावसाचं पाणी मुरायला जागा उरत नाही आणि ते रस्त्यावर वाहतं, ही तक्रार आपण दर पावसाळ्यात ऐकतो. पण मुलांची तक्रार कुणी लिहून घेत नाही, कारण दोन वर्षांच्या मुलाला अर्ज करता येत नाही. माझ्या लहानपणी किल्ल्याची माती इमारतीच्या मागून खणून आणायचो. आता ती गोणीने विकत आणतात, नाहीतर प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्लाच आणतात. तयार किल्ला आणणाऱ्या आईबापांना मी दोष देत नाही. दोघं नोकरी करणारे, माती मिळत नाही, जागा मिळत नाही, मग करणार काय?

आम्ही हडपसरच्या पुढच्या एका रोपवाटिकेतून चार गोणी आणल्या: दोन पोयट्याच्या, दोन लाल मातीच्या. काळी माती किल्ल्याला चालत नाही, असं आबा म्हणाले, आणि त्याला कारण आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून उन्हाळ्यात शेतात हातभर भेगा पडतात. किल्ल्यालाही पडतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बुरूज खाली येतो. लाल माती शांत असते.

किल्ल्यावर मांडायच्या चित्रांसाठी कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेलो. तयार चित्रं आता कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, पण मला तिला चाक दाखवायचं होतं. एका घरापुढे काकू पणत्या काढत होत्या. विजेवरचं चाक, त्यावर मातीचा उभा गोळा, आणि त्याच्या शेंड्यातून एकामागून एक पणती दोऱ्याने कापून बाजूला. लेक माझ्या मागे लपून बघत होती, मग गुडघ्याशी आली, मग पुढे. मी तिचा हात मागे ओढला तर काकू म्हणाल्या, ‘लावू द्या हो हात. माती धुतली की जाते.’ त्यांनी चाक हळू केलं आणि तिचं बोट फिरत्या गोळ्याला टेकवलं. मातीत खाच पडली, गोल फिरून परत बोटाशी आली. तिने श्वास रोखून धरला होता. ती खाच पडलेली पणती काकूंनी मोडली नाही, तशीच वाळायला ठेवली आणि ‘भाजल्यावर घेऊन जा’ म्हणाल्या. पणत्या, सिंहासनावरचे महाराज, तोफा, वासुदेव, गवळण, गुहेत ठेवायला वाघ, असं घेऊन आम्ही निघालो.

किल्ला खालच्या मोकळ्या कोपऱ्यात, लिफ्टच्या मागच्या बाजूला करायचं ठरलं. इमारतीतली सात-आठ मोठी मुलं होती आणि ही एक. मला वाटलं होतं की ती तिला दूर ठेवतील. पण कामाची वाटणी पोरांनी माझ्यापेक्षा शहाणपणाने केली. विटा-दगड रचायचं काम मोठ्यांचं, गोणपाटं चिखलात बुडवून त्यावर टाकायचं मधल्यांचं, आणि चिखल तुडवायचं हिचं. घमेल्यात उभं राहून तुडवायला हलकं, न कंटाळणारं माणूस लागतं. ती सकाळभर तुडवत होती. ‘झाला का गं?’ असं कुणी विचारलं की ‘नाई झाला’ म्हणून पुन्हा सुरू. हळीव टाकायचं कामही तिला मिळालं. हळीव ओला झाला की बुळबुळीत होतो, त्यामुळे उभ्या कड्यावर भिरकावला तरी मातीला धरून राहतो, मोहरी घरंगळते. चौथ्या दिवशी कडा हिरवा झाला. घटाचं पिवळं धान बघितलेलं होतं, म्हणून हे हिरवं कसं, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर आम्हाला सगळ्यांना दिसला. आबांनी वर आकाशाकडे बोट दाखवलं: ‘इथे ऊन आहे ना!’

मावळे तिने लावले आणि झोपवलेही. दोन पहारेकरी पानाखाली आडवे होते. मोठ्या मुलांपैकी एकाने ते उभे केले, तिने पुन्हा झोपवले, आणि मग ‘त्यांची रात्रपाळी असते’ असं त्यानेच जाहीर करून टाकलं.

मातीत खेळवण्याची धास्ती वाटते, ते मला समजतं. मलाही कृमींचा, जखमेचा, मांजरांच्या घाणीचा विचार येतो. म्हणून नखं कापलेली, धनुर्वाताची लस वेळेवर, खेळून झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात, आणि वर्षातून दोनदा जंताचं औषध, जे सरकारी मोहिमेत अंगणवाडीतून फुकट मिळतं. एवढं केलं की माती शत्रू राहत नाही. फिनलंडमध्ये तर शहरातल्या पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली जमीन, गवताचे ताटवे आणि लागवडीच्या पेट्या मुद्दाम आणून ठेवल्या. तीन ते पाच वर्षांची मुलं 28 दिवस रोज तिथे खेळली, आणि त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंमध्ये विविधता वाढली, रक्तात प्रतिकारशक्तीच्या नियमनाची चांगली चिन्हं दिसली. हा अभ्यास 2020 साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं थोडी होती, काळ थोडा होता, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण एका श्रीमंत, स्वच्छ देशाला मुलांसाठी माती परत आणून टाकावीशी वाटली, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याला ती बाहेरून आणायचीही गरज नाही. ती ब्लॉकखाली आहे.

भाऊबीज झाल्यावर किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून तो उडवायची जुनी पद्धत. यंदा मोठ्या मुलांनीच ती सोडली, कारण पहिल्याच रात्री रस्त्यावरच्या लडीच्या आवाजाने लेक कान दाबून अर्धा तास रडली होती आणि ते त्यांनी पाहिलं होतं. मग किल्ला हातांनी उतरवायचा ठरला. त्यावर आमची वसाहतीतल्या शेजाऱ्यांशी चर्चा सुरू झाली. चार गोणी मातीचं करायचं काय? कचऱ्याच्या गाडीत माती घेत नाहीत, आणि घेतली असती तरी मी दिली नसती.

तेव्हा आम्ही काही आईबापांनी मिळून वसाहतीकडे अर्ज केला आहे. वाहनतळ आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक पट्टी आहे. तिथे गाडी मावत नाही, फक्त जुन्या कुंड्या आणि मोडक्या सायकली पडून असतात. पंधरा फूट लांब, पाच फूट रुंद. तिथले ब्लॉक काढावेत, किल्ल्याची माती तिथेच पसरावी, सभोवती विटांची एक ओळ लावावी, मांजरांसाठी रात्री वरून जाळी टाकावी. जाळीचा आणि विटांचा खर्च आम्ही करू. दोन आजोबांनी माती कोरडी पडू नये म्हणून रोज पाणी मारायची जबाबदारी घेतली आहे, आणि तळमजल्यावरच्या आजींना एका कडेला अळू लावायचं आहे, त्याला आमची हरकत नाही. धुळीने गाड्या खराब होतील, हा आक्षेप येणार हे माहीत आहे. त्याला ओल हे उत्तर आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहाला सभा आहे. सीताफळाच्या बिया मी कागदात बांधून ठेवल्या आहेत.