धरण बांधणारांचीं मुलें दाराबाहेर कां?

शेतकरी व कारागीर बंधूंनो,

पुण्यास शिवाजीनगरांत जें सरकारी इंजिनियरिंग कॉलेज उभें आहे, तें कशासाठीं निघालें हें आधीं ध्यानांत घ्या. इ. स. १८५४ त इंग्रज सरकारनें तेथें एक इंजिनियरिंग क्लास व मेकॅनिकल स्कूल काढलें. इमारती, बंधारे, कालवे, रेल्वे व पूल यांच्या कामावर हाताखालचे अंमलदार हवे होते, एवढाच मूळ हेतु. १९११ त त्यास कॉलेज ऑफ इंजिनियरिंग हें नांव मिळालें, आणि २०२२ त तें स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालें. विश्वेश्वरय्या येथेंच शिकले. त्यांनीं योजलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ त खडकवासल्याच्या धरणास बसले. त्यांच्या बुद्धीस आमचा मुजरा आहे. पण त्या धरणाचा दगड फोडला कोणीं, आणि पाटी वाहिली कोणीं? जोतीराव फुले यांनीं त्या कामावर ठेकेदारी केली होती, त्यांस हें पक्कें ठाऊक होतें. १८८२ त हंटर कमिशनपुढें त्यांनीं स्वच्छ सांगितलें कीं, सारा भरते रयत, आणि त्या पैशावर वरची विद्या मिळते ती वरच्या वर्गांच्या मुलांस.

आतां म्हणाल, तो काळ गेला. दार सर्वांस उघडें आहे, राखीव जागा आहेत, परीक्षा सर्वांस एकच आहे. अहो, त्या परीक्षेचीच गोष्ट ऐका! सीईटीचे एकंदर गुण २००. त्यांत पदार्थविज्ञानाचे ५०, रसायनाचे ५०, आणि एकट्या गणिताचे १००. पहिल्या दोन विषयांचे प्रश्न मराठींत वा उर्दूंत घेतां येतात. गणिताचे मात्र २०२४ पर्यंतच्या नियमांत इंग्रजींतच! म्हणजे निम्मे गुण ज्या पत्रिकेवर, तीच आमच्या भाषेंत नाहीं. आंकड्यांस का जात आहे, कीं भाषा आहे? मग त्यांवरचें कुंपण इंग्रजीचेंच कां?

माझ्या शाळेंतला एक लोहाराचा मुलगा विहिरीवरची मोटार उघडून, जळलेली गुंडाळी काढून, नवी भरून देतो. दहावीपर्यंत मराठींत शिकला, अकरावीस एकाएकीं सारें इंग्रजी. शेजारच्या शहरांतला मुलगा दोन वर्षें क्लासांत बसून चार पर्यायांतून एकावर खूण कशी करावी एवढेंच घोकतो. त्या क्लासाची फी भरायची तर आमच्या घरची बैलजोडी जाते. परीक्षेअंती पहिला नापसंत, दुसरा 'गुणवान'. आणि कॉलेजांत गेल्यावर त्याच गुणवानाच्या हातीं कार्यशाळेंत पहिल्यांदा कानस देतात! राखीव जागांवर बोट ठेवणारांनीं ही फीची राखीव जागा कधीं मोजली आहे काय?

दोष एकट्या वरच्यांचा नव्हे, हेंही लिहिलें पाहिजे, मग कोणास राग येवो. १९८३ त वसंतदादा पाटलांच्या सरकारनें विनाअनुदान कॉलेजांस मोकळीक दिली, तेव्हां आम्हांस वाटलें, आतां आपलें घर झालें. कित्येक ठिकाणीं पाटी बहुजनांच्या नांवाची लागली आणि आंत गल्ला मांडला तो नव्या सावकारानें. तो सावकार आमच्याच भावकींतला निघाला, म्हणून काय व्याज कमी झालें?

तोंवर एक वाट हातीं आहे, ती आईबापांनीं सोडूं नये. दहावीनंतर पॉलिटेक्निकांत प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो, सीईटी नाहीं. डिप्लोमा झाला कीं इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षास अर्ज करतां येतो. मुलींस तर ८ लाखांच्या आंतील उत्पन्नावर २०२४ पासून शिक्षण शुल्क माफ आहे. तेव्हां दहावी झाली कीं पोरीचें लग्न ही घाई पुरे झाली.

पण या मागल्या दाराच्या जागा मोजक्याच. सरकारकडे मागणी ही करावी: गणिताची पत्रिका मराठींत द्या, डिप्लोमावाल्यांच्या जागा वाढवा, आणि ज्याचा हात यंत्रावर चालतो त्याच्या हाताचीही परीक्षा घ्या. ग्रामसभेंत ठराव करून, सह्या व अंगठे घेऊन, आपल्या आमदाराच्या हातीं द्या, आणि पोंचपावती मागून घ्या.