टीव्ही बदलायच्या आधी बॅटरी मारून बघा

गेल्या महिन्यात राजूरला आमच्या घरचा टीव्ही गेला. गेला म्हणजे, आवाज येतोय, चित्र नाही. आईचा फोन आला, "अरे, बातम्या ऐकू येतात पण दिसत नाहीत. रेडिओ झालाय त्याचा!" ३२ इंची एलईडी, २०१९ च्या दिवाळीत पहिल्या नोकरीच्या पैशातून मीच घेतलेला. त्याच्या आधीचं पिक्चर ट्यूबवालं डबडं २००२ पासून तोपर्यंत चाललं होतं. याने त्याच्या निम्मी वर्षंसुद्धा काढली नाहीत.

मग मी पुण्यात बसून काय केलं? तुम्ही केलं असतं तेच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तक्रार नोंदवली आणि त्याच रात्री दुसऱ्या टॅबमध्ये नवे टीव्ही बघायला लागलो. सर्व्हिसवाला तिसऱ्या दिवशी आला. टीव्ही न उघडता "पॅनल गेलं" म्हणाला, ९,२०० रुपयांचं एस्टिमेट दिलं आणि भेटीचे ४५० घेऊन गेला. वर फुकटचा सल्ला: "दुरुस्तीपेक्षा नवाच परवडेल, काका."

माझं आजचं भांडण या वाक्याशी आहे.

शनिवारी घरी गेलो. एक्स्चेंजमध्ये काही मिळालं तर बघू म्हणून जुना टीव्ही चादरीत गुंडाळून गाडीत टाकला आणि दादांना (म्हणजे वडिलांना) घेऊन अकोल्यावरून संगमनेर गाठलं. शोरूममध्ये भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर तेच पोपट आणि तेच धबधबे. खरा रंधा फॉल आमच्या घरापासून जवळ आहे, तो इतका निळा कधीच नसतो! सेल्समनने ३२ इंच सोडून थेट ४३ वर नेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे "आता मोठाच घ्या सर". जुन्याचे ५०० रुपये, बाकी हप्त्यांवर. खोटं कशाला बोलू, मी कार्ड बाहेर काढलं होतं.

मग सहज विचारलं, "याची बॅकलाइट गेली तर किती खर्च येतो?"

"वॉरंटी वाढवून घ्या ना सर."

"वॉरंटी संपल्यावर? पार्ट किती वर्षं मिळतात?"

तो प्रामाणिकपणे म्हणाला, "हे आजवर कोणी विचारलंच नाही, सर."

आम्हीही कधी विचारलं नव्हतं. दादा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "चल. आधी आपल्या पेठेत दाखवू. तो नाही म्हणाला तर पुढच्या आठवड्यात घेऊ."

राजूरच्या पेठेत टीव्ही दुरुस्त करणारे एक मामा आहेत. आमच्या जुन्या डबड्याचं ईएचटी त्यांनीच दोनदा बदललं होतं. त्यांनी टीव्ही लावला, दुकानातला दिवा घालवला आणि साधी हातातली बॅटरी स्क्रीनला टेकवून तिरकी मारली. त्या उजेडाच्या गोलात अंधुक, पण स्पष्ट, बातम्या देणारी बाई दिसली. ओठ हलत होते. "पॅनल जिवंत आहे. आतली लाईट गेली."

कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग केलेला मी तोंड उघडं ठेवून बघत होतो.

गोष्ट साधी आहे. एलसीडीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. त्याच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यातले दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात, गणपतीच्या जुन्या माळेसारखे. एक उडाला की सगळी माळ बंद. म्हणजे एका मण्याएवढ्या दिव्यापायी अख्खा टीव्ही "गेला". मामांनी दोन दिवसांनी पट्ट्या बदलून दिल्या. वर ड्रायव्हरचा एक रेझिस्टर काढून करंट थोडा कमी केला, म्हणजे दिवे कमी तापतील आणि जास्त टिकतील. एकूण १,३०० रुपये.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

१. "पण दुरुस्तीपेक्षा नवाच परवडतो." बरोबर, पण तो का परवडतो? हा काही निसर्गाचा नियम नाही. पट्टी वेगळी विकायची नाही, अख्खं पॅनलच विकायचं, हे कोणीतरी ऑफिसात बसून ठरवलेलं असतं. नव्याची किंमत आणि दुरुस्तीची किंमत एकच माणूस ठरवतो, आणि त्याचा फायदा तुम्ही काय निवडण्यात आहे हे सांगायला नको. ९,२०० आणि १,३०० मधला फरक हा बिघाडाचा नाही, धोरणाचा आहे.

२. "मेकॅनिकचा पार्ट डुप्लिकेट असतो." खरं आहे. मामांची पट्टी ओरिजिनल नाही, नाशिकहून आणलेली. गॅरंटी त्यांच्या शब्दाची. उघडताना काचेचा पडदा फुटला असता तर नुकसान आमचं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण मग ओरिजिनल पट्टी त्यांना विकत का मिळू नये? आधी पार्ट द्यायचा नाही आणि मग "लोकल माणसाकडे जाऊ नका" म्हणायचं, ही कसली पद्धत?

३. "टेक्नॉलॉजी पुढे जाते, बाबा." जाते. पण दादा दहा फुटांवरून सह्याद्री वाहिनीच्या बातम्या बघतात. आणि इथे मला माझ्याच जातभाईंबद्दल बोललं पाहिजे. स्मार्ट टीव्हीत काच सगळ्यात आधी म्हातारी होत नाही, सॉफ्टवेअर होतं. अपडेट थांबतात, ॲप म्हणतं "हे मॉडेल आता चालणार नाही", आणि चांगला टीव्ही मठ्ठ होतो. त्याला आम्ही 'एंड ऑफ लाइफ' असं गोंडस नाव देतो आणि मीटिंग संपवून कॉफी प्यायला जातो. मी टीव्हीचं सॉफ्टवेअर लिहीत नाही, पण अशा मीटिंगमध्ये मान मीही डोलावली आहे.

४. "हे सगळं आदर्शवादी आहे, प्रत्यक्षात होत नाही." होतं की! युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२१ पासून टीव्ही कंपन्यांना ठरावीक सुटे भाग मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान ७ वर्षं द्यावे लागतात आणि फर्मवेअर किमान ८ वर्षं उपलब्ध ठेवावं लागतं. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून टीव्हीवर दुरुस्तीचे १० पैकी गुण छापायला लागले, आणि त्यात सुट्या भागांची किंमतसुद्धा धरली गेली. कंपन्या तिकडून पळून गेल्या नाहीत.

आपल्याकडे काय? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. मग दुरुस्ती-निर्देशांकासाठी समिती नेमली. तिने २०२५ मध्ये अहवाल दिला, त्यात सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून करायची शिफारस आहे. टीव्हीचा नंबर नंतर. तोवर ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेतच, म्हणजे टाकलेल्या टीव्हीच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकावर. पण चांगला टीव्ही टाकायला लावू नये, याची जबाबदारी कोणावर?

माझी मागणी फार मोठी नाही. फ्रिजवर तारे छापता ना? तसे टीव्हीच्या खोक्यावर तीन आकडे छापा: सुटे भाग किती वर्षं मिळतील, सॉफ्टवेअर किती वर्षं चालेल, आणि बॅकलाइटची पट्टी कितीला पडेल. मग आम्ही ठरवू काय परवडतं ते.

आणि तोपर्यंत आपण एवढं करू शकतो. टीव्हीचा आवाज येत असेल आणि चित्र नसेल, तर खोलीत अंधार करून स्क्रीनवर बॅटरी तिरकी मारा. अंधुक चित्र दिसलं तर पडदा ठीक आहे, मेकॅनिक शोधा. काच फुटली असेल तर खुशाल नवा घ्या, त्यात पाप नाही. पण शोरूममध्ये ते तीन प्रश्न विचारा. दहा जणांनी विचारले की तो सेल्समन वर विचारेल.

हे लवकर करायला हवं, कारण मेकॅनिक संपत चाललेत. मामांना म्हटलं, दुकानात मुलगा दिसत नाही? म्हणाले, "तो सिन्नरला कंपनीत लागला. ह्यात काय राह्यलंय आता? लोक दाखवायलाच आणत नाहीत. डायरेक्ट एक्स्चेंजला जातात." आमचा टीव्हीही दोन तासांपूर्वी ५०० रुपयांत जाणार होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

असो. आईचे कार्यक्रम परत सुरू झालेत.

ता. क. : नवे टीव्ही बहुतेक वेळा भडक उजेडावर सेट केलेले येतात. सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट अर्ध्यावर आणा. डोळ्यांना बरं, विजेला बरं, आणि ती माळही जास्त दिवस टिकते. हेसुद्धा मामांनीच सांगितलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.