माश्यांच्या प्रणयावर हसणाऱ्यांनो, हापूस कापताना एकदा आठवा

थोडं मोठं लिहितोय. वेळ असेल तर पूर्ण वाचा, नसेल तर नंतर वाचा, पण अर्धवट वाचून भांडायला येऊ नका.

मागच्या आठवड्यात आमच्या दापोडीच्या एका ग्रुपवर फॉरवर्ड आला. "जनतेच्या पैशातून माशीच्या प्रणयावर पीएचडी!" खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. एकाने लिहिलं, "यांना आमच्या कंपनीत आणा, मशीनवर उभं करा, मग कळेल." हसणारे अडाणी असते तर सोडून दिलं असतं. पण हे डिप्लोमावाले, इंजिनिअर, दोन तर मास्तर. म्हणून स्पष्टच बोलतो.

आधी हे संशोधन आहे काय ते बघू. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी बारीक, चिलटाएवढी माशी, ती ड्रॉसोफिला. नराला मादी दिसली की तो मागे जातो आणि पुढच्या पायाने तिच्या पोटाला टपली मारतो. ही टपली म्हणजे चव घेणं. माशीच्या पायावरसुद्धा चव ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. त्यातल्या काही पेशी मादीच्या अंगावरचं मेणासारखं रसायन ओळखतात आणि मेंदूला कळवतात, "पुढे जा." दुसऱ्या काही पेशी नराच्या अंगावरचं रसायन ओळखतात आणि सांगतात, "थांब, हा गडी आहे."

भोसरी-चाकणच्या कुठल्याही क्वालिटीवाल्याला विचारा, याला काय म्हणतात. गो आणि नो-गो गेज! मी २२ वर्षं हेच गेज हातात धरून पोट भरतोय. माशीच्या पायात ते निसर्गाने बसवलंय.

गेज पास झालं की नर एक पंख आडवा पसरून थरथरवतो. त्याचं गाणं होतं आणि मादी ते मिशांनी ऐकते. मीलनानंतर नराच्या वीर्यातून ३६ अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन मादीत जातं. तिच्या गर्भाशयाजवळच्या, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच चेतापेशींना त्याची चाहूल लागते. तेवढ्यावर मादीचं वागणं पालटतं. ती नरांना झिडकारते आणि अंडी घालायला लागते. लाईनवर एका सेन्सरचा सिग्नल बदलला की पुढची सगळी मशीन वेगळी चालतात, तसंच. माशीच्या मेंदूत जेमतेम १ लाख ४० हजार चेतापेशी. २०२४ मध्ये त्यांच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. "वास आला, चव लागली, मग वागणं कसं ठरलं?" हा प्रश्न माणसाच्या मेंदूत शोधणं अजून अवघड आहे, माशीत शोधता येतो. म्हणून माशी.

"हे गोऱ्यांचे चाळे, आपले लोक नक्कल करतात," असंही एकाने लिहिलं. माहिती नसताना बोलू नये. नराच्या प्रणयाचा बराचसा कारभार 'फ्रूटलेस' नावाच्या जनुकावर चालतो. त्यातला पहिला बिघाड १९६३ मध्ये कुलबीर गिल या भारतीय माणसाने येल विद्यापीठात नोंदवला. आणि इथे, आपल्या मुंबईत? कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९६२ साली ओबेद सिद्दीकींनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे ते माशीकडे वळले. त्यांचं काम वाचून केनियात वाढलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज आयर्लंडमधलं शिक्षण आटोपून थेट मुंबईला आल्या. वास आणि चव ओळखू न शकणाऱ्या माश्या शोधून काढायच्या आणि कुठलं जनुक बिघडलंय ते बघायचं, हे काम दोघांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलं. वास ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांची जनुकं अमेरिकेत उंदरांमध्ये सापडली १९९१ मध्ये, आणि त्याला २००४ चं नोबेल मिळालं. म्हणजे आपण रांगेत मागे नव्हतो. आजही पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये आणि आघारकर संशोधन संस्थेत या माशीवर काम चालतं.

आता तुमचा लाडका प्रश्न. "उपयोग काय?"

दापोडीतलं एक अक्षर बदललं की दापोली होतं. तिथे कोकण कृषी विद्यापीठाने 'रक्षक' नावाचा फळमाशी सापळा तयार केला. बागेतली फळमाशी ही केळ्यावरच्या माशीपेक्षा मोठी, वेगळ्या कुळातली. मादी आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. वरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत अळी वळवळते. सापळ्यात मिथाइल युजेनॉल असतं, आपल्या तुळशीतही असतं ते. त्याच्या वासाने फक्त नर येतात. का? तर नर ते खातो आणि त्यापासून मादीला भुलवणारं अत्तर अंगात बनवतो. नर संपले की मादीला जोडीदार नाही, आणि अंडी फळत नाहीत. शेतकरी असल्या सापळ्यांना सरळ 'कामगंध सापळे' म्हणतो. त्याला या शब्दाची लाज वाटत नाही, तुम्हालाच हसू येतं.

हे कळलं कसं? बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये नोंदवलं की डासांसाठी वापरायच्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या येतात, आणि येतात ते सगळे नरच. तीन वर्षांत तो मिथाइल युजेनॉलपर्यंत पोचला. पुढे १९६५ मध्ये पॅसिफिकमधल्या रोटा बेटावरून याच युक्तीने फळमाशी हद्दपार केल्याची नोंद आहे. मधे ५० वर्षं गेली. १९१२ मध्ये कुणीतरी "माशीचे नर कुठे जातात ते बघायला पगार घेतोस?" म्हणून फाईल बंद केली असती, तर?

अजून ताजं हवंय? २०१४. युरोपने १ मेपासून भारतीय आंबा बंद केला, ऐन हापूसच्या हंगामात. सोबत कारली, वांगी, पडवळ, अळू. कारण, आधीच्या वर्षी २०७ खेपांमध्ये फळमाशीसारखी कीड सापडली होती. आंब्यावरची बंदी उठायला जानेवारी २०१५ उजाडलं. बागायतदाराचा हंगाम गेला तो गेलाच. तेव्हा माशीवर कुणी हसलं नाही.

हा रोग एकट्या आपला नाही. २००८ मध्ये अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी फळमाशीच्या संशोधनाची भर सभेत टिंगल केली. ते संशोधन ऑलिव्हच्या बागा खाणाऱ्या माशीवर होतं. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात प्रश्न आला, "पीएचडी करून काय दिवे लावणार?" विषय 'सारथी'च्या अधिछात्रवृत्तीचा होता, माशीचा नव्हता. पण वृत्ती तीच. सापळ्याचा दिवा, हापूसचा दिवा, हे कुणी लावले मग?

एक मान्य. सगळ्या पीएचड्या सोन्याच्या नसतात. कॉपी-पेस्ट करून पदवी घेणारे आहेत, त्यांना पकडाच. पण ते पकडायचं तर काम वाचावं लागतं. शीर्षकात 'मीलन' शब्द दिसला म्हणून खिदळणं म्हणजे तपासणी नाही. मालावर रिजेक्टचा शिक्का मारायच्या आधी गेज लावतो ना आपण?

"गरीब देशाला परवडतं का?" तर ही माशी म्हणजे सगळ्यात स्वस्त प्राणी. काचेच्या बाटलीत मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, झालं. दहा-बारा दिवसांत नवी पिढी. मुळात आपला देश सगळ्या संशोधनावर मिळून जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. शंभर रुपयांत ६४ पैसे. त्या ६४ पैशांत अवकाशयानही आलं आणि संरक्षणही आलं. माशीच्या वाट्याला काय येत असेल, तुम्हीच सांगा. ज्यांना लेथवर उभं करायचंय, त्या पोरांचं विद्यावेतन नेट पास झाल्यावर महिना ३७ हजार, तेही २०२३ मध्ये वाढवलेलं, आणि बऱ्याचदा महिनोन् महिने उशिरा येणारं.

आपण पिंपरीवाले तरी निदान असं बोलू नये. १९५४ पासून इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी आहे. एका अख्ख्या पिढीचे संसार तिने चालवले. तिचं मूळ कुठे? लंडनमध्ये १९२८ साली एका बशीवर चढलेल्या बुरशीत. त्या दिवशी तीही निरुपयोगीच होती.

तेव्हा मागणी साधी आहे. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला नळ, रस्ते, ट्रॅफिक विचाराच, त्याबरोबर हेही विचारा: विद्यावेतन दर महिन्याला वेळेवर का मिळत नाही? ६४ पैशांचा रुपया कधी होणार? आणि संशोधकांनाही सांगणं आहे, तुमचं काम मराठीत, आमच्या भाषेत लिहा. तुम्ही गप्प बसता म्हणून फॉरवर्ड बोलतात.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खुशाल वाद घाला, पण मुद्दा घेऊन या.