घरचा कारागीर : भट्टीचं झाकण

पातेल्याचं झाकण सापडलं नाही तर गृहिणी वर ताटली ठेवते आणि वेळ मारून नेते. पण ज्याच्या पोटात हजार अंशांची धग आहे, त्याचं झाकण बिघडलं तर? यंदा दसरा झाला आणि हा पेच आमच्यापुढे उभा राहिला.

दादा गेल्यापासून वहिनी गच्चीवरच्या खोलीत मातीकामाचे वर्ग घेतात. तिथली विजेची गोल भट्टी म्हणजे त्यांचं दुभतं जनावर! दिवाळीसाठी दोनशे रंगीत, चकचकीत पणत्यांची मागणी होती, विसारही घेतलेला. पहिला घाणा निघाला, तर चाळीस पणत्यांवर पांढरे खडे चिकटलेले. झिलई वितळते तेव्हा तिच्यावर पडलेला कण कायमचा बसतो. खरवडला तर पणतीच जाते.

"भावोजी, वरून पडतंय काहीतरी," वहिनी म्हणाल्या. मी झाकण उघडून खालून पाहिलं आणि गप्प झालो. गेल्या वर्षी झाकणाला दोन रेघा दिसल्या म्हणून मीच मोठ्या हौसेनं आतून सिमेंटचा जाड थर थापला होता. तोच आता पोपडे होऊन गळत होता!

मग जे आधी करायचं ते नंतर केलं. म्हणजे समजून घेतलं. हे झाकण पोकळ, हलक्या फायरब्रिकचं असतं. वीट इतकी मऊ, की नखानं ओरखडा उठतो. विटा एकमेकींना जोडून भोवती स्टीलचा पट्टा आवळलेला असतो. भट्टी तापली की झाकणाची खालची बाजू फुलते, वरची त्या मानानं थंडच राहते. या ओढाताणीत बारीक भेगा पडतातच. तापल्यावर वीट फुगून त्या मिटतात. त्यांत सिमेंट भरलं तर मिटायला जागा राहत नाही आणि भेग उलट रुंदावते. तेव्हा केसाएवढ्या भेगेला हात लावू नये. माझ्यासारख्या उत्साही माणसानं तर मुळीच नाही.

पण वीट हलत असेल किंवा टवका उडाला असेल तर दुरुस्ती हवीच. आधी मेन स्विच बंद करून भट्टीची वायर काढावी. नाकातोंडाला चांगला मास्क बांधावा, कारण ही धूळ फुप्फुसांना वाईट. दोघांनी मिळून झाकण उतरवावं आणि मोकळ्या हवेत मऊ ब्रशनं सुटे पोपडे काढावेत. टवक्याची जागा कोरून स्वच्छ करावी, त्याच जातीच्या विटेचा तुकडा घासून नेमका बसवावा. जोडण्यापूर्वी दोन्हीकडे पाणी शिंपडावं. कोरडी वीट सिमेंटमधलं पाणी शोषून घेते आणि जोड कच्चा राहतो. सिमेंट भट्टीचंच हवं. घरबांधणीचं सिमेंट या धगीत भुसभुशीत होतं, नळाला लावायची पुटी तर जळूनच जाते. आतून हात द्यायचाच तर ताकासारखा पातळ, ब्रशनं, एकच.

एक दिवस वाळू द्यावं. पट्ट्याचा स्क्रू भट्टी थंड असताना बेताबेतानं आवळावा. फार आवळला तर वीटच चुरते. मग भट्टी रिकामीच, सावकाश तापवावी. झाकण फारच खराब झालं असेल, तर पुष्कळदा ते पालथं घालून चांगली बाजू खाली घेता येते. बिजागऱ्यांचे स्क्रू मात्र नव्यानं बसवावे लागतात.

आणि रोजची काळजी? झाकण आपटू नये, त्यावर सामान ठेवू नये. लावण्यापूर्वी कडेचे कण पुसावेत, नाहीतर फट राहते आणि धग व वीज दोन्ही वाया जातात. शंभर अंशांच्या खाली उतरल्याशिवाय उघडू नये. गार हवेच्या झोतानं विटाही तडकतात आणि भांडीही.

आम्ही माझा सगळा 'पराक्रम' खरवडून काढला, एक तुकडा बसवला, रिकामी भट्टी लावली. पुढचा घाणा उघडायच्या सकाळी मी सहा वाजताच गच्चीवर हजर! काटा दीडशेवर होता. "भावोजी, चहा घेऊन या," वहिनी म्हणाल्या. दोन चहा झाले, तेव्हा झाकण उघडलं. पणत्या स्वच्छ, एकही खडा नाही.

कुंभाराच्या आव्याला असलं झाकण नसतं. तो फुटकी खापरं, गवत, राख-माती पसरतो आणि दर खेपेला नवं पांघरूण घालतो. आपल्याला जुनंच जपायचं आहे. पण आच निवेपर्यंत थांबायचं, ही शिकवण दोघांनाही एकच.

मागणीतल्या चाळीस पणत्या नव्यानं भाजल्या. ते खडे चिकटलेले दिवे मी घरी आणलेत. लक्ष्मीपूजनाला आमच्या दारात तेच लागतील.