आजीच्या ओट्यावरची सीमा

अक्षय्य तृतीया, म्हणजे खानदेशची आखाजी, जवळ आली की सुरतेच्या उधना-लिंबायत भागांतील बिऱ्हाडे गावाकडे निघू लागतात. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर मागे टाकून रस्ता कोंडाईबारीचा घाट ओलांडतो व साक्रीवरून धुळ्यास जातो. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग गुजरातेत, तर दुसरा महाराष्ट्रात. १ मे १९६० रोजी झालेली ही सीमा मोटारीतल्या मुलांच्या ध्यानातही येत नाही, आणि ती यावी असा आमचा आग्रह नाही.

खरी सीमा लागते ती पुढे, आजीच्या ओट्यावर. म्हातारी अहिराणीत विचारपूस करते, नातू गुजराती-हिंदीत उत्तर देतो, आणि बापाला दुभाष्या व्हावे लागते! यात मुलांचा दोष नाही. यंत्रमागावर बारा-बारा तास राबणाऱ्या बापाने त्यांना पोटाची भाषा आधी शिकविली, हेही समजण्यासारखे आहे. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. अहिराणी मात्र आजीपाशीच मिळते, आणि आजी काही कायमची नसते.

मग पहाटे निघून, खापरावरची पुरणपोळी खाऊन रात्री परतणारी ही सफर कोणाच्या भेटीची म्हणावी? बापाची रजा दोन दिवसांची असेल. मुलांची उन्हाळी सुटी तर मोठी असते. त्यांना तिच्यापाशी ठेवून त्याने एकट्याने परतावे, व शाळा उघडण्याआधी घ्यायला जावे.